गाडीची चकाकी आणि पॉलिश करणाऱ्याची प्रकृती

दसरा जवळ आला की सातारा-सांगली भागातील गॅरेजे आणि वॉशिंग सेंटर रात्री उशिरापर्यंत चालू राहतात. सोने वाटण्यापूर्वी प्रत्येकाला आपली गाडी धुऊन, पुसून, चकाकवून हवी असते. झेंडूच्या माळेखाली बॉनेट आरशासारखे दिसले पाहिजे असा आग्रह असतो. त्यात गैर काही नाही. ज्या वाहनावर आपले पोट चालते त्याची वर्षातून एकदा पूजा करणे ही आपली चांगली रीत आहे. परंतु ती चकाकी आणणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात, डोळ्यांत आणि बोटांत त्या आठवड्यात काय काय जाते, याचा विचार गाडीचा मालक करीत नाही आणि बहुतेक वेळा तो कारागीरही करीत नाही. आरोग्याच्या सदरात गाडीच्या पॉलिशचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. ज्यांच्या घरातील मुलगा, भाऊ किंवा नवरा पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या एखाद्या गॅरेजमध्ये कामाला आहे, त्यांना तो पडणार नाही.

पूर्वी हे काम हाताने होत असे. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार झालेली ‘प्रिया’ स्कूटर ज्यांच्या दारात होती, त्यांना रविवारची सकाळ आठवत असेल. जुन्या बनियनचा बोळा, डबीतले मेणाचे पॉलिश आणि तासभर घाम. आता हाताची जागा विजेवर फिरणाऱ्या मशीनने घेतली आहे आणि मेणाची जागा ‘सीलंट’ नावाच्या कृत्रिम द्रवाने. काम लवकर होते, चकाकी जास्त दिवस टिकते. मात्र बनियनच्या बोळ्याने जे त्रास होत नव्हते, ते या नव्या पद्धतीने होऊ शकतात. ते टाळणे अवघड नाही, त्यासाठी आधी काम नीट समजून घ्यावे लागेल.

गाडीच्या पत्र्यावरचा रंग हा एकच थर नसतो. खाली प्रायमर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर. हे सारे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला वरचा पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या एका केसापेक्षाही पातळ. चकाकी असते ती या थराची. धूळ लागलेल्या फडक्याने पुसून, उन्हाने आणि पाण्याच्या डागांनी त्यावर बारीक चरे पडले की गाडी निस्तेज दिसू लागते.

येथे दोन वेगळी कामे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिले काम रबिंगचे, म्हणजे कंपाउंड लावून मशीनने घासण्याचे. कंपाउंडमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे घासणारे बारीक कण असतात. ते वरचा थर किंचित खरवडून चरे सपाट करतात. म्हणजे या कामात रंग कमी होतो. दुसरे काम सीलंटचे. त्यात काही घासले जात नाही, उलट रंगावर एक अतिशय पातळ कृत्रिम थर बसवला जातो. मेणाचा थर महिना दोन महिन्यांत उतरतो, सीलंटचा सर्वसाधारणपणे तीन ते सहा महिने राहतो. आरोग्याच्या दृष्टीनेही या दोन कामांचे अपाय निराळे आहेत. पहिल्यात मुख्य त्रास धुळीचा, दुसऱ्यात वाफेचा. मशीनचा कंप, मशीनचा आवाज आणि वीज हे तीन धोके मात्र दोन्हीकडे सारखेच.

सीलंट मशीनने लावण्याची योग्य रीत सांगतो, कारण माझे म्हणणे त्या रीतीतच आहे. रंगाला जी रीत मानवते तीच कारागिराच्या शरीरालाही मानवते. गाडी आधी भरपूर पाण्याने धुऊन घ्यावी. सांगली, मिरज, वाळवा, पलूस या भागात बोअरचे पाणी बरेच ठिकाणी खारे आणि जड आहे. ते पत्र्यावर वाळले की पांढरे ठिपके उरतात, म्हणून धुतल्याबरोबर पुसावे. साखर कारखान्याच्या आसपास गळीत हंगामात गाडीवर काजळी बसते, तीही आधी जायला हवी. अंगावर धूळ असलेल्या गाडीला मशीन लावणे म्हणजे वाळूच्या कागदाने घासणे. नंतर गाडी सावलीत घ्यावी आणि पत्रा थंड होऊ द्यावा. हाताचा पंजा टेकवून ठेवता येत नसेल तर काम सुरू करू नये.

मशीनला सर्वांत मऊ स्पंजचे पॅड लावावे. सीलंटचे वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पॅडवर घ्यावेत. पॅड पत्र्यावर टेकवून मगच मशीन चालू करावे, नाहीतर पहिला फवारा आपल्याच तोंडावर येतो. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यावा. फक्त गोल फिरणाऱ्या मशीनचा वेग मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत जातो, पण सीलंटला त्याचा सर्वांत कमी वेग, सहाशे ते एक हजार फेऱ्या, पुरतो. गोल फिरता फिरता हेलकावे घेणारे दुहेरी गतीचे मशीन रंगाला अधिक सौम्य असते. जोर द्यायचा नाही, मशीनचे वजन तेवढे पुरे. मध्यम आकाराच्या गाडीला तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे सीलंट खूप झाले. मग बाटलीवर लिहिले असेल तितका वेळ, बहुधा पंधरा मिनिटे ते तासभर, थांबायचे आणि स्वच्छ मऊ कापडाने पुसून घ्यायचे. पहिले दहा-बारा तास पाणी लागू द्यायचे नाही.

जाड थर दिला म्हणजे जास्त टिकतो हा समज चुकीचा आहे. वरचा जादा माल पुसून फेकला जातो, एवढेच. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील कारागिराला हे सांगावे लागत नाही. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख तो कापडाच्या बोळ्याने पातळ लावतो, वाळू देतो, मग पुढचा हात देतो. घाईने जाड लावलेली लाख फुगते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आता हीच गोष्ट उलट करून पाहा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सहा गाड्या रांगेत उभ्या आहेत. पत्रा उन्हाने तापलेला, मशीन पूर्ण वेगात, पॅडवर सीलंटची धार. तापलेल्या पत्र्यावरून द्रवाची वाफ झपाट्याने उडते, वेगाने फिरणारे पॅड उरलेला माल तुषारांच्या रूपाने उडवते, मशीन हातात थरथरते, आणि हे सारे दोन हातांच्या अंतरावरच्या नाकात जाते. गाडीवरही ढगाळ पट्टे उठतात, ते घालवायला पुन्हा मशीन. म्हणजे नुकसान दोन्हीकडे.

श्वसनाचा विचार प्रथम करू. गॅरेजमध्ये तोंडाला रुमाल बांधलेला कारागीर आपण नेहमी पाहतो. रुमाल मोठी धूळ अडवतो, बारीक धूळ फारशी अडवत नाही आणि वाफ तर मुळीच अडवत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत एन-९५ मुखपट्टी सर्वांच्या ओळखीची झाली. ती नीट घट्ट बसवली तर रबिंगच्या धुळीसाठी उत्तम आहे. पण तीही वाफ अडवत नाही, कारण वाफ म्हणजे कण नव्हेत. थिनर किंवा सीलंटचा वास मुखपट्टीतून येत असेल तर ती वाफ आत जातेच आहे. वाफेसाठी कोळशाची डबी बसवलेली रबरी मुखपट्टी मिळते. तिच्या डब्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. ती रात्री उघड्यावर टांगून ठेवली तर डबीतील कोळसा वापर नसतानाही वास शोषत राहतो, म्हणून काम संपल्यावर ती बंद पिशवीत ठेवावी.

मात्र रोज मुखपट्टी लावून राबण्यापेक्षा जागा मोकळी ठेवणे अधिक सोपे. शटर अर्धे ओढून आत काम करण्याची सवय थंडीत आणि पावसात दिसते, ती वाईट. बहुतेक द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली जमिनीलगत आणि खड्ड्यात साठते. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, खालूनही वारा वाहता पाहिजे. पंखा समोरून लावला तर तो धूळ तोंडावरच आणतो. तो पाठीमागून किंवा बाजूने असा लावावा की हवा दाराबाहेर जाईल. तेथे कोणी बिडी ओढू नये आणि शेजारी गॅस वेल्डिंग चालू नसावे हे वेगळे सांगायला नको, पण बफिंग मशीनच्या मोटारीतूनही ठिणग्या पडतात हे अनेकांच्या लक्षात नसते.

वाफ जास्त गेली तर डोके जड होते, गरगरते, मळमळते, डोळे चुरचुरतात. जुने मेस्त्री म्हणतात, पहिले आठ दिवस त्रास होतो, मग सवय होते. ही सवय नव्हे. एकाच वासाला नाक थकते आणि मेंदूला तो वास कळवणे सोडून देते. वास येईनासा झाला तरी वाफ तेवढीच आत जात असते. वर्षानुवर्षे अशा हवेत राहिल्यास स्मरणशक्ती, झोप आणि स्वभाव यांवर परिणाम होऊ शकतो. ‘अलीकडे फार चिडका झालाय’ अशी घरच्यांची तक्रार असली आणि माणूस दिवसभर थिनरच्या वासात बसणारा असला, तर डॉक्टरांना ते जरूर सांगावे.

याहून गंभीर धोका पॉलिशच्या शेजारच्या कामाचा आहे. आपल्याकडे एकाच शेडमध्ये एका कोपऱ्यात गाडीला रंगाचा फवारा मारला जातो आणि दुसऱ्या कोपऱ्यात पॉलिश चालते. हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. १९८४ साली भोपाळमध्ये ज्या वायूने हाहाकार केला तो याच रासायनिक कुळातील होता. रंगातले रसायन तेच नव्हे आणि प्रमाणही तसे नव्हे, तेव्हा भिण्याचे कारण नाही. पण कुळाचा स्वभाव सारखा आहे, तो श्वासनलिकेला डिवचतो. काही लोकांना त्याची अॅलर्जी जडते आणि दमा सुरू होतो. एकदा ही अॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या वासानेही झटका येऊ शकतो. मुखपट्टी न लावता जवळ उभा राहिलेला पॉलिशवाला पोऱ्या फवारा मारणाऱ्याइतकाच या तावडीत सापडतो, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्षही नसते.

हा दमा ओळखण्याची एक खूण घरच्या माणसांनी ध्यानात ठेवावी. तो काम सुरू केल्याबरोबर दिसत नाही, काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी डोके वर काढतो. पुष्कळदा खोकला आणि छातीतील घरघर कामावर नव्हे, घरी आल्यावर रात्री सुरू होते. त्यामुळे कामाशी संबंध जोडला जात नाही आणि ‘हवा बदलली’ म्हणून औषधे चालू राहतात. पण सुट्टीच्या दिवशी बरे वाटते, गावच्या जत्रेला चार-आठ दिवस गेल्यावर खोकला थांबतो आणि परत कामावर आल्यावर पुन्हा सुरू होतो. असे होत असेल तर तो धंद्याचा दमा असण्याचा संभव आहे. ‘तुझा धंदा काय?’ हा प्रश्न रोग्याला विचारलाच पाहिजे, असे इटालीतील डॉ. रामाझिनी यांनी १७०० साली धंद्यांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. डॉक्टर घाईत असतील आणि विचारायचे राहिले तर रोग्याने आपण होऊन सांगावे. फुंकर मारून मोजण्याचे ‘पीक फ्लो मीटर’ औषधाच्या दुकानात मिळते. दिवसातून चार वेळा, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशीही, तीन-चार आठवडे आकडे वहीत लिहून ठेवले तर डॉक्टरांना निदान करणे फार सोपे जाते. मिरज तर दवाखान्यांचे गाव आहे, सातारा-कऱ्हाडलाही छातीच्या रोगांचे तज्ज्ञ आहेत. वही घेऊन गेल्याशिवाय मात्र त्यांनाही अंदाजच करावा लागतो.

धुळीचा प्रश्न निराळा. काही रबिंग कंपाउंडमध्ये स्फटिकी सिलिका असू शकते, ती फुप्फुसांना अपायकारक आहे. जुन्या ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या पिवळ्या-नारिंगी रंगात शिशाची संयुगे असत. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ पासून कडक मर्यादा आली, पण तो नियम वाहनांच्या रंगांसाठी नाही. असा जुना रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपरने, पाणी मारत घासला तर धूळ उडतच नाही. हाताला लागलेली पूड पोटात जाण्याचा आपल्याकडचा हमखास मार्ग म्हणजे तंबाखू. कंपाउंडने माखलेल्या तळहातावर चुना-तंबाखू मळून ती दाढेखाली ठेवली की त्या पूडीला दुसरी वाट शोधावी लागत नाही. तंबाखू सोडावी हे तर आहेच. सुटत नसेल तोवर निदान साबणाने हात धुतल्याशिवाय ती मळू नये. भाकरीलाही हाच नियम.

या भागात आणखी एक समजूत आहे. धुळीत काम करणाऱ्याने संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ सुटते. सांगली आणि कऱ्हाड या गुळाच्या पेठा, त्यामुळे हा सल्ला आवडीने दिला जातो. तो अगदीच निराधार नाही. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून गुळाने फुप्फुसातील धूळ बाहेर पडायला काहीशी मदत होते, असे १९९४ साली प्रसिद्ध केले. पण तो प्रयोग उंदरांवरचा होता आणि त्यात वाफेचा प्रश्न नव्हता. गूळ खावा, मधुमेह नसेल तर आनंदाने खावा. तो खाल्ला म्हणून मुखपट्टी काढून ठेवू नये.

हातांच्या त्रासाबद्दल मात्र आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. पॉलिश मशीनचा कंप दिवसेंदिवस बोटांत जात राहिला तर बोटांतील बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दुखावतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या हत्यारांनी चुनखडीचा दगड घडवणारे कामगार होते. थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक पडून बधिर होत. डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली त्यांची तपासणी करून या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले. आपली हवा उष्ण असल्याने बोटे पांढरी पडण्याचा प्रकार कमी दिसतो. मुंग्या येणे, बधिरता, पकड सैल होणे, सदऱ्याचे बटण लावताना बोटे चुकणे अशा तक्रारी अधिक असतात. साताऱ्याच्या डिसेंबर-जानेवारीतील पहाटेच्या गारठ्यात मोटारसायकलवरून कामाला येणाऱ्याची बोटे पांढरी पडत असतील, तर तो थंडीचा साधा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. मधुमेहाने आणि मनगटातील नस दाबल्यानेही हातांना मुंग्या येतात, म्हणून तपासणी करून घेणे बरे. बिडी-सिगारेटने रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

उपाय साधे आहेत. मशीन घट्ट आवळून धरू नये. जितकी पकड घट्ट तितका कंप हातात जास्त शिरतो. पॅडवर वाळलेल्या मालाचे पापुद्रे बसले की ते एका बाजूला जड होते आणि मशीन जास्त थरथरते. म्हणून पॅड वरचेवर ब्रशने साफ करावे, फाटलेले फेकून द्यावे. एकाच माणसाने दिवसभर मशीन धरण्याऐवजी धुणे, पुसणे आणि मशीन ही कामे दोघातिघांनी आलटून पालटून करावीत. कमी वेगाने काम केले तर कंपही कमी. सीलंटला कमीच वेग लागतो, हे वर आलेच आहे.

कानांचे थोडक्यात सांगतो. मशीन चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तो आवाज ८५ डेसिबलच्या आसपास आहे असे समजावे. आठ-आठ तास असा आवाज वर्षानुवर्षे ऐकला तर बहिरेपण येते आणि ते परत फिरत नाही. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही. स्पंजचे कानबोळे अगदी स्वस्तात मिळतात, ते वापरावेत.

कातडीचे नुकसान बहुधा काम संपल्यावर होते. हात थिनरने किंवा पेट्रोलने धुण्याची गॅरेजमधील पद्धत सर्वांना ठाऊक आहे. त्याने डाग जातो, पण त्वचेचे नैसर्गिक तेलही जाते. त्वचा कोरडी पडते, भेगाळते, मग भेगांतून जंतू आणि रसायने दोन्ही आत शिरतात. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते, आणि ते रक्ताचा कर्करोग करणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे. त्याऐवजी हाताला खोबरेल किंवा कोणतेही खायचे तेल चोळावे, मळ सुटला की कापडाने पुसावे आणि मग साबण लावावा. काम करताना पातळ, बोटांना चिकटून बसणारे नायट्राइलचे हातमोजे घालावेत. दवाखान्यातले साधे रबरी मोजे द्रावकाने गळतात. सैल सुती मोजे तर फिरत्या पॅडमध्ये अडकू शकतात. तसेच गळ्यातील साखळी, मनगटाचा लोंबता धागा, मफलर आणि ओढणी यांचे. फिरते पॅड यांतले काहीही क्षणात ओढून घेते. मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे सोडावी म्हणजे तीही पॅडखाली येत नाही.

डोळ्यांत माल उडाला तर चोळू नये, स्वच्छ वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे डोळा उघडा धरावा आणि मग दवाखाना गाठावा. साधा पारदर्शक चष्मा लावला असता तर ही वेळ येत नाही.

जिवावर बेतणारा धोका मात्र विजेचा आहे. या कामात पाणी आणि वीज एकाच फरशीवर असतात. दहा मिनिटांपूर्वी जेथे गाडी धुतली तेथेच एक्स्टेन्शन बोर्ड ठेवलेला, त्याची वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली, आणि कारागीर अनवाणी. असे दृश्य दुर्मिळ नाही. धुण्याची जागा आणि पॉलिशची जागा वेगळी हवी, निदान फरशी कोरडी करून मगच मशीन जोडावे. बोर्ड जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगावा. पायात रबरी चप्पल-बूट असावेत. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच बसवून घ्यावा. त्याचा खर्च चार-दोन गाड्यांच्या पॉलिशच्या मजुरीइतका आहे, आणि माझ्या मते गॅरेजमालकाने बाकी सर्व उपाय पुढे ढकलले तरी हा ढकलू नये. कोणाला धक्का बसलाच तर आधी मेन स्विच बंद करावा, त्याला हात लावायची घाई करू नये.

पुराचा उल्लेख सांगलीच्या वाचकांसाठी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुरात सांगली परिसरातील कितीतरी वाहने पाण्याखाली गेली आणि पाणी ओसरल्यावर गॅरेजमध्ये रांगा लागल्या. पुराच्या गाळात उंदराच्या मुतातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. पायाला भेग किंवा जखम असेल तर ते तेथून शिरतात. असा गाळ धुताना गमबूट आणि हातमोजे घालावेत. नंतरच्या काही दिवसांत, महिनाभर उलटला तरी, ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल होणे असे झाले तर गाळात काम केल्याचे डॉक्टरांना सांगावे.

चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजमध्ये कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. सुट्टीत ‘हात साफ व्हावा’ म्हणून भाच्याला पाठवणाऱ्यांनीही वाढत्या वयातील फुप्फुसे आणि मेंदू द्रावकाला अधिक लवकर बळी पडतात हे जाणून असावे. गाडीच्या मालकालाही एक सांगणे आहे. ‘दोन तासांत द्या’ असा तगादा लावला की कारागीर मशीनचा वेग वाढवतो. गाडी आदल्या आठवड्यात टाकली तर ती सावकाश, सावलीत, पातळ थराने होते, आणि अधिक चांगली दिसते. दसऱ्याला धुऊन हार घातला की झाले.

ज्यांना हौसेने घरीच सीलंट लावायचे आहे त्यांनी जरूर लावावे, अंगणात, मोकळ्या हवेत. महिन्याला एखादी गाडी केल्याने वर सांगितलेल्या दीर्घ मुदतीच्या विकारांचे भय नाही. घरात भय आहे ते उरलेल्या बाटलीचे. उरलेला थिनर किंवा पॉलिश पाण्याच्या, सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून जिन्याखाली ठेवला जातो आणि तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. रॉकेलचे असे अपघात आपल्या दवाखान्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. असे द्रव मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवावेत. मुलाने घोट घेतलाच तर त्याला उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजू नये, घशात बोट घालू नये, कारण उलटीबरोबर तो द्रव फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो आणि पोटात गेलेल्यापेक्षा तो अधिक घातक ठरतो. तोंड पुसावे, भिजलेले कपडे काढावेत आणि ती बाटली बरोबर घेऊन तसेच जवळचे रुग्णालय गाठावे. मूल हसत-खेळत असले तरीही न्यावे, कारण खोकला आणि धाप कित्येकदा काही तासांनी सुरू होते.